घरच्या तेलाची नोंदवही: दिवाळी ते आषाढ

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीचा चिवडा आज टाकून दिला. दीड किलो पातळ पोहे, दाणे, डाळं, काजू, सुकं खोबरं, सगळा मिळून नऊशे रुपयांचा माल. केला त्या दिवशी कढीपत्ता-मिरचीच्या वासाखाली काही कळलं नाही. पाचव्या दिवशी डबा उघडला तर जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला. धाकटीने एक घास घेतला आणि बशी परत सरकवली.

पोहे चांगले होते, तेल वाईट होतं. मे महिन्यात रिफाइंड शेंगदाणा तेलाचा डबा घेतला, वर दोन भोकं पाडली आणि पश्चिमेकडच्या मागच्या गॅलरीत ठेवला. नाशिकमध्ये इंदिरानगरला आमच्या त्या गॅलरीत दुपारी दोनपासून मावळेपर्यंत ऊन असतं. मध्ये तीन महिने ऑफरमधली पाकिटं वापरली, त्यामुळे फोडलेला डबा तसाच पडून राहिला. भोकांवर वाटी पालथी घातली की झालं, असं मी धरून चालले होते.

चार लिटर उरलंय. ते स्वयंपाकात नको. त्रिपुरी पौर्णिमा शुक्रवारी आहे, पणत्यांना जाईल तेवढं जाईल.

घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुली. महिन्याला साधारण तीन लिटर तेल लागतं. आजपासून तेलाचा सगळा हिशेब इथे लिहिणार आहे. शेजारच्या वहिनींनाही हेच करायचंय, त्यांना माझ्या चुका तरी तयार मिळतील.

१७ नोव्हेंबर

रविवार कारंजावरच्या किराणा दुकानांत दीड तास फक्त लेबलं वाचली.

पहिली गोष्ट कळली ती मे महिन्यातल्याच डब्याबद्दल. तेव्हा दुकानात दोन डबे होते, एक २,७५० रुपयांचा आणि एक २,६४० रुपयांचा. मी स्वस्तातला उचलला. महागातला १५ किलोचा होता आणि माझा १५ लिटरचा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे माझ्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅमच तेल होतं. किलोला १९३ रुपये पडले, तर महाग दिसणारा डबा किलोला १८३ रुपयांना पडला असता.

पाकिटांचंही तेच. शेजारी-शेजारी ठेवलेली सूर्यफुलाची दोन पाकिटं, आकार हुबेहूब सारखा. एकावर ९१० ग्रॅम, १५७ रुपये. दुसऱ्यावर ८५० ग्रॅम, १४९ रुपये. आठ रुपये कमी वाटतात, पण शंभर ग्रॅमला पहिलं सव्वासतरा रुपयांना आणि दुसरं साडेसतरा रुपयांना पडतं. यापुढे भाव फक्त ग्रॅमवर काढायचा.

एका बाटलीवर समोर शेंगदाण्यांचं मोठं चित्र होतं आणि मागे बारीक अक्षरात ‘ब्लेंडेड’ लिहिलेलं. अशा मिश्र तेलात एखादं तेल २० टक्के असलं तरी नियमात बसतं. उरलेलं कुठलं आणि किती, हे मागे वाचल्याशिवाय कळत नाही. मिश्रण वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. पण मला शेंगदाण्याचं हवं असेल तर चित्राकडे बघून चालणार नाही.

दुकानदाराने दर्शनी कपाटातली बाटली काढून दिली, तिच्यावर ऊन पडत होतं. मी मागचं खोकं फोडायला सांगितलं. त्याने कुरकुर न करता फोडलं.

२४ नोव्हेंबर

ठरलं ते असं. रोजच्या भाजी-आमटीला लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल. तळणाला रिफाइंड, छोटं पाकीट, लागेल तेव्हाच आणायचं. करडईचं अर्धा लिटर, चटणीवर आणि भाकरीबरोबर कच्चं घ्यायला. जमलं तर खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल एकदा आणून बघायचं.

एकच तेल वर्षभर नको, यावर घरात वाद झाला नाही. वाद झाला तो घाण्यावरून. नवऱ्याचं म्हणणं, तयार घाण्याचं तेल मिळतं, दाणे कशाला वाहायचे? मला दाणे डोळ्यांनी बघायचे आहेत.

८ डिसेंबर

पंचवटीत बाजार समितीच्या आवाराजवळच्या दुकानातून २५ किलो शेंगदाणे आणले. घुंगरू, बारीक दाणा. ११८ रुपये किलो, एकूण २,९५०.

निवडायला दोन दुपारी गेल्या, मी आणि सासूबाई. पहिल्या दिवशी मी नुसते खडे आणि माती काढत होते. सासूबाईंनी माझ्या निवडलेल्या ताटातून मूठभर दाणे उचलून परत माझ्यापुढे ठेवले. “हे बघ, सुरकुतलेले, काळे पडलेले, आतून हिरवट. एक तोंडात टाक.” टाकला. कडू जहर.

बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि घाण्याच्या तेलावर पुढे शुद्धीकरणाची कुठलीच प्रक्रिया होत नाही. दाण्यात जे असेल ते तेलात उतरू शकतं. म्हणून निवडण्यात घाई नको. ९०० ग्रॅम बाजूला निघाले. ते गाईलाही घातले नाहीत, फेकले. उरले २४ किलो १०० ग्रॅम. मग दोन दिवस गच्चीवर चादरीवर ऊन दिलं.

१२ डिसेंबर

पेठ रोडच्या बाजूचा एक लाकडी घाणा. रिक्षा जाऊन-येऊन ४०० रुपये. मजुरी दाण्याच्या किलोमागे २० रुपये, ४८० दिले. तीन तास बसले.

घाणेवाल्या काकांनी दाणे हातात घेऊन दाबले, एक दातांखाली फोडला आणि म्हणाले, वाळलेत बरोबर. मग घाण्यात घातल्यावर थोडं पाणी शिंपडलं. अगदी कोरडा दाणा असेल तर नुसता भुगा होतो, पेंड धरत नाही आणि तेल सुटत नाही. तेल हाताला कोमटच लागतं, तापत नाही.

निघालं ९ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे ३९ टक्के. काका म्हणाले चांगला उतारा आहे. दाण्यात तेल यापेक्षा जास्त असतं, पण लाकडी घाण्यात ते सगळं निघत नाही, पेंडीत राहतं. १३ किलो ५०० ग्रॅम पेंड आमच्या भागातल्या गवळ्याने ३४ रुपयांनी घेतली, ४५९ रुपये परत आले.

तेल गढूळ, ताकासारखं. वास मात्र असा की रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं.

१४ डिसेंबर

चूक पहिली. वहिनींना कौतुकाने एक लिटर भरून दिलं, गाळ बसायच्या आधीच. आणि बाटली काल रात्री धुतलेली, आतून कोरडी झाली का ते मी बघितलं नाही.

२० डिसेंबर

काकांनी चार-पाच दिवस तेल निवळू द्या असं सांगितलं होतं. आठ दिवस लागले. नाशिकच्या थंडीत तेल घट्ट असतं, साका खाली बसतच नाही. पाचव्या दिवशी घाई करून गाळायला घेतलं तर कापडातून उतरेना. शेवटी स्टीलचा डबा झाकण लावून दुपारच्या उन्हात तासभर ठेवला. स्टीलमधून उजेड आत जात नाही, तेल नुसतं कोमट होऊन पातळ होतं. मग परत दोन दिवस सावलीत न हलवता ठेवलं आणि वरचं तेल ओगराळ्याने अलगद काढून दुहेरी मलमलीतून गाळलं.

ही पायरी गाळू नये. साक्यात पेंडीचे बारीक कण आणि ओल असते आणि तेल नासायला तिथूनच सुरुवात होते.

साक्यासकट ४५० ग्रॅम गेले. हाती ८ किलो ९५० ग्रॅम, त्यात वहिनींना दिलेलंही धरलंय. खर्च: दाणे २,९५०, मजुरी ४८०, रिक्षा ४००, वजा पेंड ४५९. म्हणजे ३,३७१. किलोला ३७७ रुपये. तयार घाण्याचं तेल लिटरला ३३० आहे, किलोच्या हिशेबाने ३६३. म्हणजे मला चौदा रुपये महाग पडलं, दोन दुपारी वेगळ्याच. पैसे वाचवायला कोणी हे करणार असेल तर एकट्याने करू नये.

२२ डिसेंबर

आता साठवण. आठवडाभर डोक्यात होतं ते सुरू केलं. एकच तेल, चार ठिकाणी, प्रत्येकी २०० मिली:

स्वयंपाकघराच्या खिडकीत पारदर्शक काचेची बाटली. तशीच दुसरी बाटली बंद कपाटात. गॅसच्या वरच्या कपाटात स्टीलचा डबा. ओट्याखाली, सिलिंडरपासून लांबच्या कप्प्यात, स्टीलचा डबा.

दर रविवारी चमचाभर तेल कोमट करून वास घ्यायचा. कुठलं कुठलं ते मोठी लेक जाणते, आम्ही बाकीचे डोळे मिटून.

९ जानेवारी २०२५

सकाळी ओट्यावरच्या बाटलीत पांढरे गोळे. पोटात गोळा आला, म्हटलं दाण्यांबरोबर काय आलं? की घाण्यातच आधीचं कुणाचं पामतेल राहिलं होतं? काकांना फोन करून मी जरा चढ्या आवाजात बोलले. ते शांतपणे म्हणाले, बाटली कोमट पाण्यात ठेवा आणि अर्ध्या तासाने फोन करा.

वीस मिनिटांत तेल लख्ख झालं. शेंगदाणा तेलातले काही घटक थंडीत गोठतात, खोबरेल गोठतं तसेच, फक्त शेंगदाणा तेलाला थंडी जास्त लागते. खात्रीसाठी दोन वाट्या फ्रिजमध्ये ठेवल्या: सूर्यफुलाचं स्वच्छ राहिलं, शेंगदाण्याचं तुपासारखं झालं. तेल गोठलं की भेसळ, असं नसतं. काकांना परत फोन करून माफी मागितली.

१२ जानेवारी

वहिनींकडची बाटली नासली. तळाशी करडा थर, आंबूस वास, आणि कढईत घातल्यावर तडतड उडतं. ओली बाटली आणि न निवळलेलं तेल, दोन्ही माझ्याच चुका. त्यांना माझ्या साठ्यातलं एक लिटर दिलं. आता बाटल्या धुतल्यावर एक दिवस उन्हात पालथ्या आणि मग एक दिवस सुलट्या, त्याशिवाय तेल भरायचं नाही.

२ फेब्रुवारी

सहा आठवड्यांचा निकाल. खिडकीतली बाटली चौथ्या रविवारीच सगळ्यांनी ओळखली होती, आता तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. रंगही फिका पडलाय. गॅसवरच्या कपाटातलं तेल आजच पहिल्यांदा संशयास्पद वाटलं. बंद कपाटातली काच आणि ओट्याखालचं स्टील यांत आम्हाला कुणालाच फरक कळला नाही.

म्हणजे काच वाईट नाही, उजेड वाईट. माझी अपेक्षा होती की उष्णता पहिल्यांदा घात करेल. थंडीच्या दिवसांत तरी उजेडाने आधी केला.

९ फेब्रुवारी

हे लिहायला जड जातंय. सासूबाईंची पितळी बुधली, त्यांच्या लग्नात आलेली, भांडी बाजारातली. जानेवारीच्या मध्यावर मी ती हौसेने चिंचेने घासून तेल भरून ओट्यावर ठेवली. अर्धा लिटर. आज उघडली तर खवट, आणि तेलाला हिरवट झाक. आतली कल्हई कधीच गेली होती. तांब्या-पितळेच्या संपर्कात तेल फार लवकर खराब होतं.

मी सासूबाईंना म्हटलं, मग तुमच्याकडे इतकी वर्षं कसं चालायचं? त्या म्हणाल्या, “सिन्नरला आमच्या घरी तेल चिनी मातीच्या बरणीत असायचं, अंधाऱ्या खोलीत, दादरा बांधून. बुधलीत सकाळी घालायचं, रात्री संपायचं. दर दोन-तीन महिन्यांनी कल्हईवाला यायचा.”

बुधली साठवणीची नव्हतीच, ती एका दिवसाची होती. मोठं भांडं अंधारात आणि हाताशी थोडंसंच तेल, ही सगळी रीत त्यांना ठाऊक होती आणि मी ती कधी विचारली नाही. वरचं भांडं तेवढं उचललं. आजपासून ओट्यावर पाव लिटरची स्टीलची किटली, रिकामी झाली की पुसून मगच परत भरायची. जुन्यावर नवं ओतायचं नाही. बुधली कल्हई करून देवघरात ठेवली.

५ मार्च

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात सुरगाण्याकडच्या एका मावशींकडून खुरासणीचं तेल घेतलं, एक लिटर. फिकट पिवळं, दाण्यासारखाच पण जरा उग्र वास. मुलींना आधी आवडलं नाही. नागलीच्या भाकरीवर, लाल चटणीबरोबर दिलं तेव्हा दोघींनी परत मागितलं. सुरगाणा-पेठकडे खुरासणीचं पीक जुनं आहे, आम्ही मात्र आजवर कारळ्याच्या चटणीपलीकडे गेलो नव्हतो.

मावशींनी बजावलं: थोडं घ्या, लवकर संपवा. मी ऐकलं नाही, अर्धा लिटर पुरलं असतं.

३० मार्च, गुढीपाडवा

पुऱ्या. चार आधी घाण्याच्या तेलात करून बघितल्या. तेल लवकर धुरावलं आणि कढईभर फेस आला. शुद्ध न केलेल्या तेलात बारीक कण आणि इतर घटक असतात, ते रिफाइंडपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला जळतात. उरलेल्या पुऱ्या रिफाइंडमध्ये तळल्या, काही त्रास झाला नाही. भाजीच्या फोडणीला घाण्याचं, तळणाला रिफाइंड, हा नोव्हेंबरातला निर्णय कायम.

तळून उरलं ३०० मिली. गार करून, गाळून, वेगळ्या बरणीत, वर तारीख. आठ दिवसांत थालीपीठ-धिरड्यांना संपवायचं.

२ एप्रिल

नवऱ्याने स्वयंपाकघर आवरताना ती बरणी ओट्याखालच्या मोठ्या डब्यात रिकामी केली. दोन लिटर ताज्या तेलात ३०० मिली तळणीचं. त्यांना वाटलं मदत होतेय, आणि मी बरणीवर तारीख लिहिली होती, ‘तळणीचं’ असं लिहिलं नव्हतं.

एकदा तापलेल्या तेलात बिघाड सुरू झालेला असतो, तो ताज्यालाही सोबत घेतो. सगळं आठवड्यात संपवणं शक्य नव्हतं. पंधरवड्यानंतरची भर: अर्धा लिटर वापरलं, बाकीच्याला वास लागला. सहाशेच्या वर रुपये गेले. आता तळणीच्या बरणीला लाल झाकण. हॉटेलवाल्यांना तळणीच्या तेलातल्या पोलर घटकांची (तेल तापून बिघडलं की वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के घालून दिलेली आहे, मोजायला यंत्र असतं. घरी आपल्याकडे डोळे आणि नाक. काळपट, चिकट, फेसाळ झालं किंवा लवकर धुरायला लागलं की थांबायचं. आणि ते मोरीत ओतू नये. आम्ही रद्दी कागदात जिरवून कचऱ्यात टाकतो.

१८ एप्रिल

बाहेर चाळीस अंश. खोलीचा थर्मामीटर घरभर फिरवला, दुपारी साडेबारा वाजता, स्वयंपाक चालू असताना. गॅसवरचं कपाट ४१. ओट्याखाली ३४. आतल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीच्या कपाटाचा जमिनीलगतचा कप्पा, ३०. हिवाळ्यात ओट्याखालची जागा चांगली होती, उन्हाळ्यात नाही. मोठा डबा आतल्या खोलीत हलवला.

खुरासणीचं तेल गेलं. सहा आठवड्यांत, ४०० मिली उरलेलं असताना. करडईचं मात्र मी पहिल्यापासून फ्रिजमध्ये ठेवलंय आणि ते उत्तम आहे, गोठतही नाही. दोन्ही तेलं एकाच जातीची, लिनोलिक आम्ल भरपूर असलेली, हवा लागली की पटकन बिघडणारी. खुरासणीलाही फ्रिजमध्ये जागा द्यायला हवी होती.

मे अखेरपर्यंत तयार घाण्याचं एक-एक लिटर आणणार. उन्हाळ्यात साठा नको.

१ जून

दुसरा घाणा करायचा म्हणून उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा बघायला गेलो. या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला, मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच पोहोचला. काढणीला आलेल्या शेंगा शेतातच भिजल्या. पहिल्या दुकानात टरफलं काळवंडलेली, फोडून बघितलं तर आत ओल. भाव वीस रुपयांनी कमी होता तरी घेतल्या नाहीत. त्या शेतकऱ्याचं नुकसान डोळ्यांसमोर आलं, पण बुरशीच्या बाबतीत तडजोड करता येत नाही. तिसऱ्या ठिकाणी पावसाआधी काढून वाळवलेल्या मिळाल्या, ३० किलो.

दाण्यांऐवजी शेंगाच घेतल्या, कारण टरफलात दाणा जास्त टिकतो आणि दाण्यात तेल जास्त टिकतं. तेल करून साठवण्यापेक्षा शेंगा साठवायच्या आणि लागेल तसं तेल काढायचं. गोणी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मूठभर फोडून बघायच्या.

२९ जून

काकांच्या घाण्याला एका वेळी किमान १० किलो दाणे लागतात. वहिनींचे सहा, आमचे सहा, मिळून एक घाणा. रिक्षा निम्मी. निवडायला चार बायका होत्या, एका दुपारी उरकलं. आमच्या वाट्याला निवळून २ किलो २५० ग्रॅम तेल आलं, म्हणजे अडीच लिटरच्या आसपास. जेमतेम महिन्या-दीड महिन्याचं.

या वेळी हवा दमट, पण थंडी नाही. निवळायला पाच दिवस पुरले. सगळं एका डब्यात न ठेवता अर्धा-अर्धा लिटरच्या पाच बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, म्हणजे वर हवा कमी राहते, आणि एक उघडली तरी बाकीच्या बंद. बाटल्या काचेच्याच, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आतल्या खोलीत. प्रत्येकीवर घाण्याची तारीख आणि उघडल्याची तारीख.

सासूबाईंनी पहिली बाटली उघडून तळहातावर थेंब घेतला, चोळला, वास घेतला आणि सरळ लसणाची फोडणी घातली. पुढचा घाणा नागपंचमीनंतरच्या आठवड्यात, वहिनींनी काकांकडे दिवस सांगून ठेवलाय.